कापडाची उलट बाजू

दोडामार्गाचे नाव बाहेरच्या माणसाने ऐकलेले असते ते बहुधा तिलारीच्या धरणामुळे, किंवा रानातून शेतात उतरणाऱ्या हत्तींच्या बातम्यांमुळे. सावंतवाडीतून वेगळा होऊन आमचा तालुका १९९९ मध्ये झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव सीमेवरचे म्हणून ओळखले जाते. बाजारपेठेतला रस्ता तपासणी नाका ओलांडतो आणि गोव्यात शिरतो. अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांची कौले सारखी, माडांची सावली सारखी, बोलीतला हेलही जवळजवळ सारखाच. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत मात्र ही दोन सत्तांमधली हद्द होती. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पलीकडच्या दुकानांत परदेशी माल थेट बोटीने येऊ लागला. लोहखनिजाच्या निर्यातीचा पैसा त्या काळी गोव्यात खेळत होता. आपल्याकडे आयातीवर कडक बंधने असताना तिकडे नायलॉनचे शर्ट, मनगटी घड्याळे, फाउंटन पेने सहज मिळत. आणि त्यांतली काही रात्रीच्या अंधारात डोंगरवाटांनी अलीकडे येत.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात या ‘गोंयच्या शर्टा’ला मोठे मानाचे स्थान होते. तो धुतला की तासाभरात वाळे, त्याला इस्त्री लागत नसे, आणि वैशाखातल्या लग्नात तो अंगाला असा चिकटे की घालणाऱ्याचा जीव नकोसा होई. तरीही लग्नात तोच हवा असे. एकच शर्ट एका हंगामात तीन घरांच्या तीन लग्नांत तीन वेगवेगळ्या अंगांवर दिसल्याची कथा मी लहानपणी अनेकदा ऐकली आहे. ऐकताना सगळे हसत. मला मात्र त्या शर्टाचा रंग कोणता होता हे जाणून घ्यायची उत्सुकता असे, आणि त्याबाबत सांगणाऱ्यांचे कधीच एकमत होत नसे.

कपड्यांची हौस ही शहरी आणि सुखवस्तू माणसांची गोष्ट, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. पुरुषाने कपड्यांचा विचार करणे हे तर त्याहून हलके मानले जाते. साधी राहणी हा आपला गौरवाचा विषय. पण साधेपणा निवडणारा आणि साधेपणा वाट्याला आलेला अशी दोन निराळी माणसे असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला चांगल्या शर्टाची किंमत नेमकी ठाऊक असते, कारण तो विकत घेण्याआधी त्याने तो कित्येकदा नुसता पाहिलेला असतो. मी त्या दुसऱ्या प्रकारातला. दुकानांच्या बाहेरून, हातगाड्यांच्या कडेने, चालता चालता कपडे पाहत राहणे ही माझी आयुष्यभराची सवय आहे. तिला छंद म्हणावे की शिक्षण, हे मला नीटसे ठरवता आलेले नाही.

या शिक्षणातले माझे पहिले गुरू म्हणजे माझे धाकटे मामा. ते मुंबईला गिरणीत होते. त्या काळी आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरातले एक माणूस मुंबईच्या गिरणीत असेच. मामा फोल्डिंग खात्यात होते. विणून, रंगवून, खळ लावून तयार झालेले कापड या खात्यात येते. तिथे ते मोठ्या टेबलावरून पुढे सरकवत तपासतात, तुटलेला धागा, डाग, रंगाची उणीव यांवर खुणा करतात आणि मग त्याच्या घड्या घालून ताके बांधतात. चांगला माल एकीकडे, किंचित दोष असलेला दुसरीकडे, आणि लहान तुकडे तिसरीकडे. हे तुकडे, म्हणजे कटपीस, गिरणीच्या दुकानात स्वस्तात मिळत. गणपतीला मामा गावी आले की त्यांच्या ट्रंकेतून कटपीस निघत आणि ते कोणाला किती पुरतील याचा हिशेब ओसरीवर बसून चाले. छत्तीस इंची पन्हा असेल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन-अडीच मीटर. तेवढे नसेल तर अर्ध्या बाह्या. त्याहून कमी असेल तर माझा शर्ट. माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा माझ्या अंगावरचे कापड नेहमी सरस असे आणि त्यात कुठेतरी एक बारीक दोष असे. तो दोष शिंप्याने खिशाखाली किंवा काखेत दडवलेला असायचा. तो नेमका कुठे आहे हे मला माहीत असे, आणि इतर कोणाला माहीत नाही याचा मला आनंद वाटे.

मामांचे सूत्र एकच होते. “आदी हात लाव, मगे डोळे लाव, आणि भाव शेवटाक इचार.” कापड अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळायचे, पांढरी भुकटी हाताला लागली तर ते सूत अंगाने बारीक आणि खळीने जाड आहे असे समजायचे. उजेडासमोर धरून ताणा-बाणा सारखा आहे का ते पाहायचे. मुठीत आवळून सोडून द्यायचे आणि चुण्या किती राहतात ते पाहायचे. काठाचा एखादा धागा काढून जाळायचा : सुती असेल तर कागदासारखा जळून राख होतो, टेरिलीन असेल तर वितळून त्याचा कडक मणी बनतो. ही परीक्षा ते दुकानदारासमोर करत नसत; पण घरी आलेल्या प्रत्येक कापडाची करत, आणि निकाल कोणी विचारला नसला तरी सांगत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला. मामांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग ते ट्रंक घेऊन गावी आले. त्या ट्रंकेत कटपीस नव्हते. त्यानंतर ते शेती करत राहिले, काजूच्या बागेत राबले, आणि गिरणीविषयी फारसे बोलले नाहीत. मात्र एखादा पाहुणा ओसरीवर येऊन बसला की त्याचे नाव-गाव विचारण्यापूर्वी त्यांची नजर त्याच्या शर्टाच्या बाहीवर गेलेली मी पाहिली आहे.

मी मुंबईला गेलो तो १९९१ मध्ये, एका कचेरीत कारकून म्हणून. राहायला लालबागला गावकऱ्यांची खोली होती. खोलीत माणसे इतकी की रविवारी दिवसभर तिथे बसणे शक्यच नसे, म्हणून मी चालायला लागलो. पैसे नसल्यामुळे चालणे हाच रविवारचा कार्यक्रम झाला, आणि पुढे पैसे आल्यावरही तो तसाच राहिला. लालबागहून भायखळा, तिथून जे. जे. रुग्णालयावरून क्रॉफर्ड मार्केट, मग मंगलदास मार्केटच्या गल्ल्या, मग बोरीबंदर आणि आझाद मैदानासमोरच्या महात्मा गांधी मार्गावरची ‘फॅशन स्ट्रीट’ म्हणून प्रसिद्ध असलेली दुकानांची रांग. पाय दुखले नाहीत तर पुढे हुतात्मा चौक आणि काळा घोडा.

पुढे अभ्यासात फ्रेंच कवी बोदलेर याचा परिचय झाला. शहरात निरुद्देश फिरणारा, गर्दीत राहूनही गर्दीपासून अलिप्त असा जो ‘फ्लानर’, त्याचे चित्र बोदलेरने १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात रेखाटले आहे. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन याने पुढे या फिरस्त्याचा सविस्तर विचार केला. काचेचे छप्पर असलेल्या पॅरिसच्या दुकानगल्ल्यांत १८४० च्या सुमारास काही शौकिनांनी कासवाला दोरी बांधून त्याच्या गतीने फिरण्याची टूम काढली होती, असे बेन्यामिनने लिहिले आहे. आपल्याला कसलीही घाई नाही हे दाखवण्याचा तो प्रकार. हे वाचून मला हसू आले. भायखळ्याच्या पदपथावर कासव घेऊन चालणाऱ्याचे काय होईल याची कल्पना मी करू शकत होतो. माझ्या चालण्याला उद्देश नव्हता असेही नाही. उद्देश होता आणि त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत बसवायची होती. तरी त्या फिरस्त्यात आणि माझ्यात एक साम्य होते. विकत घेण्याची सक्ती नसलेला माणूस वस्तूकडे फार लक्षपूर्वक पाहतो.

अशा पाहण्यातून मुंबईचा एक निराळाच नकाशा हळूहळू तयार होतो. दादाभाई नौरोजी मार्गावर ‘व्हाइटअवे लेडलॉ’ या इंग्रजी दुकानाची भव्य इमारत आहे. साहेबी पोशाख तिथे रोखीने विकले जात. त्याच इमारतीत नंतर खादी भांडार आले. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ते हॉटेल उभारणारा जॉन वॉटसन हा मुळात कापडाचा व्यापारी होता, हे मला फार दिवसांनी कळले आणि उगाचच आपल्या गोतातला माणूस भेटल्यासारखे वाटले. परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची होळी झाली. आणि मंगलदास मार्केटमधून बाहेर पडून काळबादेवीला लागलो की मला बाबू गेनू आठवतो. पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा हा तरुण मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी याच काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेल्या ट्रकपुढे तो आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. आज त्या रस्त्याने खांद्यावर ताके घेतलेले हमाल धावत असतात आणि त्यांच्या वाटेतून बाजूला होता होता माणसाला थांबायला सवड मिळत नाही. मी त्या रस्त्यावर पुष्कळ स्वस्त कापड घेतले आहे.

फॅशन स्ट्रीटवरची गंमत वेगळी. तिथे त्या काळी ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ हा परवलीचा शब्द होता. परदेशी कंपनी एखाद्या कारखान्याला काही हजार शर्टांची मागणी देते. शिवताना काही बिघडणार हे गृहीत धरून कारखाना थोडे जास्त कापतो. ते उरतात. कधी तपासणीत एखादी खेप नाकारली जाते, कधी बोट चुकते आणि सगळी मागणीच रद्द होते. असे शर्ट गळ्यातली पट्टी कापून किंवा तिच्यावर शाईची रेघ मारून रस्त्यावर येतात. त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच नावाने, मुद्दाम पट्टी कापलेले नकली शर्टही लटकत असतात. या दोहोंतला फरक ओळखणे हीच खरी परीक्षा.

ती परीक्षा सुलट्या बाजूने देता येत नाही. शर्ट उलटा करावा लागतो. बगलेपासून खालपर्यंतची शिवण दोन्ही कडा आत दुमडून मारलेली आहे का, की नुसती टीप मारून वर दोरे सोडले आहेत? चौकडीचा शर्ट असेल तर खिशावरची चौकट छातीवरच्या चौकटीशी जुळते का? ती जुळवायला कापड वाया जाते, म्हणून कंजूष कारखाना जुळवत नाही. काजाचे टाके दाट आहेत का? कॉलर दोन बोटांत वाकवून सोडली तर ती सावकाश पूर्ववत होते, की आतल्या बकरमाचा कागदासारखा आवाज येतो? खाली अर्ध्या इंचाची माया दुमडलेली आहे का? रंग आणि भाव यांविषयी विक्रेता काहीही सांगू शकतो; शिवणीच्या बाबतीत त्याला फारसे बोलता येत नाही. भाव करताना मी एवढेच करत असे : शर्ट उलटा करून दोन मिनिटे शांतपणे पाहायचा आणि काही न बोलता परत ठेवायचा. पुष्कळदा त्या शांततेत भाव आपोआप खाली येई. भवानी व्हायच्या वेळी गेलो तर आणखी थोडा.

मुंबईतल्या पहिल्या महिन्यात एका मोठ्या इमारतीत कचेरीचे टपाल द्यायला गेलो असता दारावरच्या पहारेकऱ्याने मला मागच्या जिन्याकडे पिटाळले. माझ्या हातात पाकीट होते, कामही रीतसर होते. फक्त गावाकडे शिवलेला, धुऊन धुऊन फिकट झालेला शर्ट अंगात होता. महिन्याभराने त्याच दारातून मी फॅशन स्ट्रीटवरचा, एकशे चाळीस रुपयांचा, फिकट निळ्या रेघांचा शर्ट घालून गेलो. त्याने दार उघडून धरले. मला आनंद झाला, आणि लिफ्ट वर चढत असताना त्या आनंदाचा रागही आला. माणूस तोच होता. पहारेकऱ्याच्या अंगावरचा गणवेश त्याच्या मापाचा नव्हता, हेही मी त्याच वेळी पाहिले होते.

आपल्या सामाजिक इतिहासात हा प्रश्न थोरांनीही हाताळलेला आहे. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ भरलेल्या समारंभात महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. दागदागिने आणि भरजरी कपडे ल्यालेल्या पाहुण्यांत बसून, खरा देश या समारंभात दिसत नाही, तो खेड्यांत आहे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके उलट केले. ते उत्तम शिवलेला सूट, टाय अशा वेशात वावरले, आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचे, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकून देण्याचे आवाहन केले. एकाने ज्या वेशाची लाज वाटावी अशी अपेक्षा होती तो वेश मानाच्या जागी नेला. दुसऱ्याने ज्या वेशावर आपला हक्क नाही असे सांगितले गेले तो वेश हक्काने अंगावर चढवला. मला या दोन कृतींत विरोध दिसत नाही. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या नजरेला दोघांनीही उत्तर दिले आहे. आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन काठांवर वसलेल्या ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांत ‘सापर’ म्हणवणारे पुरुष आहेत. हातावर पोट असलेली ही माणसे रविवारी निर्दोष शिवणीचा सूट आणि चमकणारे बूट घालून धुळीच्या गल्लीतून संथपणे चालतात. त्यांची छायाचित्रे पाहताना काहींना विसंगती वाटते. मला तो नायलॉनचा शर्ट आठवतो.

मी ‘फिरायला’ जातो असे म्हटले की माझी पत्नी शांतपणे सांगते, “तुम्ही फिरायला जाता, आम्ही काहीतरी आणायला जातो.” यात टोमणा कमी आणि निरीक्षण अधिक आहे. हातात पिशवी नसलेली, कोठेही पोहोचायचे नसलेली बाई पदपथावर दहा मिनिटे उभी राहिली तर तिच्याकडे ज्या नजरा वळतात त्या माझ्याकडे कधीच वळल्या नाहीत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईतील स्त्रियांच्या अशा वावराविषयीचे ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आले. बोदलेरचा फिरस्ताही पुरुषच होता, आणि याकडे माझे लक्ष पत्नीच्या त्या वाक्यानंतरच गेले.

बऱ्याच वर्षांनी, २००८ च्या सुमारास, मामा डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला आले. तपासणी झाल्यावर त्यांनी एकच इच्छा सांगितली : गिरण्या बघायच्या. लोअर परळला मी त्यांना घेऊन गेलो. त्यांच्या गिरणीच्या जागी पत्र्याचे कुंपण होते आणि आत क्रेन उभी होती. तिथे ते फार वेळ थांबले नाहीत. जवळच दुसऱ्या एका गिरणीच्या जागेवर मॉल उभा राहिला होता. तिथली चिमणी शोभेसाठी राखलेली होती. आत थंड हवा होती. मामा धोतर, पांढरा शर्ट आणि टोपी अशा वेशात होते, आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्यापूर्वी त्यांनी पायांतल्या वहाणा काढाव्यात का असे मला विचारले.

एका दुकानात पुरुषांचे शर्ट ओळीने टांगलेले होते. मामा थेट तिकडे गेले. त्यांनी एका पांढऱ्या शर्टाची बाही अंगठा आणि तर्जनी यांत धरली, डोळे मिटले आणि हळू चोळली. मग काठाशी वाकून पाहिले. शर्ट उलटा केला. विक्रीवरचा मुलगा जवळ आला. त्याला वाटले, म्हाताऱ्याला काही मदत हवी असेल. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “कापड झकास आसा. बारीक सूत. पण टीप सैल आसा, चार धुण्यांत उसवतली.” मुलाने विचारले, “काका, तुम्ही टेलर का?” मामा म्हणाले, “नाही. कापड बघणारे.” मुलाला ते कळले नाही, पण तो अदबीने हसला. मी किमतीची पट्टी पाहिली. तीन हजारांच्या वर आकडा होता. तो मामांना दिसू नये म्हणून मी ती आत सारली. डोळ्यांत औषध घातलेले असल्यामुळे त्यांना ती तशीही दिसली नसती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, “ह्यां कापड खंय इणतत आता?” हे कापड आता कुठे विणतात? मी इचलकरंजी, भिवंडी, तिरुपूर अशी काही नावे सांगितली, आणि चीन व बांगलादेशाचीही. बांगलादेश म्हणजे ढाक्याकडे का, असे त्यांनी विचारले, आणि ढाक्याची मलमल हा विषय निघाल्यामुळे परतीच्या प्रवासात ते बरेच बोलले.

मामा आता नाहीत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राना प्लाझा ही इमारत कोसळली आणि तिच्यातल्या शिवण कारखान्यांमधली अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवण्यात आले होते. ही बातमी वाचली त्या संध्याकाळी मी कपाट उघडून माझे शर्ट उलटे करून पाहिले. पाहायची सवयच होती. पण त्या दिवशी शिवणीकडे न पाहता पट्ट्या वाचल्या. काहींच्या पट्ट्या कापलेल्या होत्या. स्वस्त शर्ट मिळवणे हे कौशल्य आहे असे मी इतकी वर्षे मानत आलो, आणि अजूनही मानतो. परंतु दीडशे रुपयांत बसलेल्या त्या किमतीतला मोठा वाटा माझ्या घासाघिशीने कमी झाला नव्हता, तो त्याच्या कितीतरी आधी कोणाच्या तरी मजुरीतून कमी झालेला होता, हे तेव्हापासून शर्ट हातात घेताना आठवते. त्यामुळे मी खरेदी सोडली नाही. घासाघीस मात्र थोडी सैल झाली आहे, आणि एक शर्ट उसवेपर्यंत दुसरा घेत नाही. उसवला तर आधी शिंप्याकडे.

निवृत्तीनंतर मी गावी आलो आहे. चालायला इथे शहर नाही. घाट चढून बेळगावच्या खडेबाजारात जाता येते. पण आमचा खरा बाजार म्हणजे म्हापशाचा, शुक्रवारचा. दोडामार्गाहून अस्नोड्यामार्गे गेले की तासाभरात म्हापसे येते. मातीची भांडी, सुकी मासळी, मिरची, मयड्याची केळी, चवरीसाची माळ, आणि या सगळ्यांच्या कडेकडेने कपड्यांच्या राशी. किनाऱ्यावरच्या हणजुण्याच्या बुधवारच्या बाजाराची कथा आणखी निराळी. १९७० च्या दशकात परतीच्या वाटेवरचे हिप्पी तिथे आपल्या अंगावरचे कपडे आणि कॅमेरे विकत. त्यांतली एखादी डेनिमची जाकीट आमच्या बाजूला आली असणार अशी माझी समजूत आहे, पण ती कोणी घातलेली मी पाहिली नाही.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या भाच्याला गोव्यातल्या एका औषध कंपनीत मुलाखतीला जायचे होते. आमच्याकडची पुष्कळ मुले रोज सकाळी सीमा ओलांडून तिकडे कामाला जातात. तो मोबाइलवर शर्ट मागवणार होता. मी म्हटले, शुक्रवारी माझ्याबरोबर चल. दोन तास आम्ही फिरलो. त्याला फिरण्याचा कंटाळा आला होता आणि उन्हाचा त्रास होत होता. शेवटी एका राशीतून मी एक राखाडी शर्ट काढला. सुती, दाट विणीचा, भाव चारशे. मी काही सांगण्यापूर्वी त्याने तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि बगलेची शिवण बोटाने तपासत खालपर्यंत गेला. हे तो कोणाकडून शिकला, मला माहीत नाही. मी त्याला कधी शिकवले नव्हते. मग त्याने शर्ट सुलटा केला, हाताच्या अंतरावर धरला आणि परत राशीवर ठेवला.

“शिवण बरी आसा, मामा,” तो म्हणाला, “पण कॉलर म्हाताऱ्यांची.”